भाड्याच्या घरातून म्हाडाच्या सोडतीत अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोडतीची जाहिरात आली की भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून आमच्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत येथे घेतले आहेत. प्रत्येक सोडतीची माहितीपुस्तिका वेगळी निघते आणि अटींचे बारकावे त्या पुस्तिकेनुसार बदलतात. म्हणून येथील उत्तर आणि चालू सोडतीची पुस्तिका यांत फरक आढळला, तर पुस्तिका प्रमाण मानावी.

१. मी भाड्याच्या घरात राहतो. म्हाडाच्या सोडतीत मला अर्ज करता येतो का?

येतो. सध्या आपण कोठे आणि कोणत्या नात्याने राहता, याच्याशी अर्जाच्या पात्रतेचा संबंध नाही. वय १८ वर्षे पूर्ण असणे, महाराष्ट्राचा अधिवास असणे, उत्पन्न संबंधित गटाच्या मर्यादेत बसणे आणि ठरावीक क्षेत्रात मालकीचे घर नसणे, या मुख्य अटी आहेत. भाडेकरू असणे हा अडथळा नाही, तशी ती जमेची बाजूही नाही (प्रश्न १२ पाहा). भाडेकरूची अडचण वेगळ्या ठिकाणी असते. घरे बदलत राहिल्यामुळे त्याच्याजवळ कागद साठत नाहीत आणि त्याचा पैसा दोन ठिकाणी अडकलेला असतो. खालचे बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींतून निघालेले आहेत.

२. म्हाडा, सिडको आणि पंतप्रधान आवास योजना ही सगळी एकच आहेत का?

नाही. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे म्हाडा, हे १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेले राज्याचे प्राधिकरण आहे. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर अशी त्याची विभागीय मंडळे आहेत आणि प्रत्येक मंडळ आपापली सोडत स्वतंत्रपणे काढते. ठाणे, कल्याण, वसई-विरार ही शहरे मुंबई मंडळात नसून कोकण मंडळात येतात. सिडको मुख्यतः नवी मुंबईत घरे बांधते आणि तिची सोडत, नोंदणी व अटी वेगळ्या असतात. पंतप्रधान आवास योजना ही केंद्र सरकारची योजना असून म्हाडा व सिडको यांच्या काही घरांना ती लागू केलेली असते. एकाच सोडतीत काही घरे या योजनेतली आणि काही तिच्याबाहेरची असू शकतात. मालकीच्या घराची अट दोन्हींकडे वेगळी असल्यामुळे (प्रश्न ९) घराचा संकेत क्रमांक (अर्जात निवडायचा त्या घरांच्या योजनेचा क्रमांक) निवडतानाच ते घर कोणत्या योजनेतले आहे, हे पाहून घ्यावे.

३. माझा उत्पन्न गट कोणता? आईवडिलांचे उत्पन्न धरायचे का?

मे २०२२ मध्ये राज्य शासनाने या मर्यादा बदलल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत अत्यल्प, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट मानला जातो. राज्याच्या उर्वरित भागांत अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे, तर मध्यम गटाची मर्यादा तेथेही १२ लाखच आहे.

उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते आणि येथे कुटुंब म्हणजे पती व पत्नी. आपल्यासोबत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईवडिलांचे निवृत्तिवेतन किंवा कमावत्या भावाचा पगार त्यात येत नाही. पत्नीचे उत्पन्न मात्र शिकवण्यांचे किंवा शिवणकामाचे असले, तरी येते. खालच्या गटातील अर्जदाराला वरच्या गटातील घरासाठी अर्ज करण्याची मुभा असते. ती किती वरपर्यंत आहे, हे पुस्तिकेत दिलेले असते. वरच्या गटातील अर्जदाराला खाली येता येत नाही. भाडे भरून हातात काय उरते, हा हिशेब कोठेही विचारात घेतला जात नाही.

४. कोणकोणती कागदपत्रे लागतात? भाडेकरार जोडावा लागतो का?

आधार, पॅन, विवाहित असल्यास जोडीदाराचे आधार व पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, ही नेहमीची यादी आहे. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना त्या प्रवर्गाचे प्रमाणपत्र आणि घटस्फोटितांना न्यायालयाचा हुकूमनामा जोडावा लागतो. या यादीत भाडेकरार नसतो.

२०२३ पासून संगणकीय प्रणाली बदलली आहे. पूर्वी सोडत लागल्यावर कागद तपासले जात आणि अनेक विजेते त्या टप्प्यावर बाद होत. आता नोंदणी करतानाच कागद चढवावे लागतात आणि पात्र ठरलेलाच अर्जदार सोडतीत जातो. त्यामुळे "आधी नंबर लागू द्या, मग दाखला काढू" हा जुना हिशेब चालत नाही. जाहिरात निघाल्यानंतर दाखल्यांसाठी धावपळ करणाऱ्यांची मुदत हुकते आणि त्यांत भाडेकरूंचे प्रमाण अधिक दिसते. याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

५. सतरा वर्षे महाराष्ट्रात आहे, पण सहा भाड्याची घरे बदलली. अधिवास प्रमाणपत्रासाठी वास्तव्याचा पुरावा कोठून आणू?

सर्वाधिक पत्रे या एका प्रश्नावर येतात. अधिवास प्रमाणपत्र 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मिळते आणि त्यासाठी राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. घरमालकाला हे सोपे जाते, कारण त्याची वीजदेयके, मालमत्ता कराच्या पावत्या आणि संस्थेचे दाखले एका पत्त्यावर वर्षानुवर्षे साठत राहतात. भाडेकरूच्या घरी विजेचे देयक येते ते मालकाच्या नावाने, पाण्याचा आकार सोसायटी भरते आणि करार अकरा महिन्यांनी बदलतो. तो माणूस सतरा वर्षे त्या शहरात राबलेला असतो, पण कागदोपत्री त्याची जेमतेम चार वर्षे दिसतात.

अशा वेळी पत्त्याचा हट्ट सोडून सलगता दाखवणारे कागद शोधावेत. शिक्षण महाराष्ट्रात झाले असल्यास शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत भक्कम कागद ठरतो, कारण तो एकटाच दहा-बारा वर्षे व्यापतो. त्यानंतर महाविद्यालयाचे दाखले, नोकरीच्या ठिकाणचे नेमणूकपत्र व सेवेचा दाखला, भविष्य निर्वाह निधीचे उतारे, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, बँकेचे जुने पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि त्यांच्या शाळेतील प्रवेशाची नोंद असे कागद वर्षांच्या क्रमाने लावावेत. एका कोऱ्या कागदावर डावीकडे वर्ष आणि उजवीकडे त्या वर्षाचा पुरावा असा तक्ता केला, की रिकामी वर्षे लगेच दिसतात. केंद्रावर जाण्याआधी त्या रिकाम्या वर्षांचे कागद शोधावेत. नोंदणीकृत भाडेकरारांची प्रत हरवली असेल, तर नोंदणी विभागाकडून त्यांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा) मिळवता येते. मात्र करार नोंदवलेला नसेल, तर या कामी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आधीपासून जवळ असलेले अधिवास प्रमाणपत्र जुन्या पद्धतीचे, बारकोड नसलेले असल्यास ते स्वीकारले जात नाही. कोणत्या तारखेनंतरचे चालेल, हे पुस्तिकेत नमूद असते.

६. मालक करार नोंदवायला तयार नाही. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही," असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

महाराष्ट्रात हे खरे नाही. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यांना सवलत आहे आणि अकरा महिन्यांची प्रथा तेथूनच आली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मग त्याची मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला समजावताना कैदेच्या धाकापेक्षा हे शेवटचे कलमच अधिक उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे.

नोंदणी घरबसल्या होते. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतील एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. परत मिळणारी अनामत घेतली असेल, तर तिच्यावर वार्षिक १० टक्क्यांनी काढलेली रक्कमही या हिशेबासाठी भाड्यात मिळवली जाते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. खर्च निम्मानिम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवली, तर बरेच मालक राजी होतात.

७. आधारवर गावचा पत्ता आहे. आधी तो बदलून घ्यावा का?

पत्ता गावचा असल्यामुळे अर्ज अडत नाही. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर मात्र ओटीपीच येत नाही आणि नोंदणी पहिल्या पायरीवर थांबते. म्हणून पत्त्याआधी मोबाइल क्रमांक अद्ययावत करावा. दुसरी नेहमीची अडचण नावाची आहे. पत्नीचे पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर दोन्हींतले एक दुरुस्त करून घ्यावे. ही दुरुस्ती जाहिरातीच्या मुदतीत होईलच, असे गृहीत धरू नये.

८. अर्जाला किती पैसे लागतात? नंबर लागला नाही, तर ते परत मिळतात का? दोन-तीन अर्ज भरता येतात का?

दोन रकमा असतात. अर्जाचे शुल्क ५०० रुपये अधिक वस्तू व सेवा कर, असे ५९० रुपये असते आणि ते परत मिळत नाही. अनामत रक्कम वेगळी असून ती उत्पन्न गटानुसार ठरते. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत अत्यल्प गटासाठी २५ हजार, अल्प गटासाठी ५० हजार, मध्यम गटासाठी १ लाख आणि उच्च गटासाठी दीड लाख रुपये अनामत होती. अन्य मंडळांत ती बरीच कमी असते. घर न लागल्यास ही रक्कम अर्जात दिलेल्या बँक खात्यात बिनव्याजी परत येते.

एका व्यक्तीला वेगवेगळ्या संकेत क्रमांकांसाठी स्वतंत्र अर्ज करता येतात, पण प्रत्येक अर्जामागे शुल्क आणि अनामत पुन्हा भरावी लागते. अल्प गटात तीन अर्ज केले, तर दीड लाख रुपये काही आठवडे अडकतात. घरमालकाकडे अडकलेल्या डिपॉझिटच्या जोडीला ही रक्कम उसनवारीने उभी करणारे लोक आम्हाला भेटले आहेत. उसने घेऊन अर्जांची संख्या वाढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

९. गावाला घर आहे, शिवाय बायकोच्या नावावर कल्याणला एक फ्लॅट आहे. अर्ज बाद होईल का?

घर कोठे आहे आणि अर्ज कोणत्या योजनेसाठी आहे, यावर ते ठरते. म्हाडाच्या नेहमीच्या घरांसाठी अट अशी आहे की अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान मुले यांच्या नावे संबंधित महानगरपालिकेच्या हद्दीत मालकी तत्त्वावर, भाडेखरेदी पद्धतीवर (हप्ते फेडून शेवटी मालकी मिळते त्या पद्धतीवर) किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद म्हणून घर अथवा निवासी भूखंड नसावा. मुंबई मंडळाच्या सोडतीत ही हद्द बृहन्मुंबई महानगरपालिकेची असते. त्यामुळे कल्याणचा फ्लॅट किंवा गावचे घर असूनही मुंबईच्या सोडतीत अर्ज करता येतो. तोच फ्लॅट असताना कल्याणमधील घरासाठी मात्र अर्ज करता येणार नाही.

पंतप्रधान आवास योजनेतील घराची अट पुष्कळ कडक आहे. तेथे कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, मागील २० वर्षांत शासनाच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा, अशीही अट आहे. म्हणजे गावचे पक्के घर मुंबई मंडळाच्या नेहमीच्या घराला आड येत नाही, पण या योजनेच्या घराला येते.

वारसाहक्काने मिळालेल्या हिश्श्यावरून गोंधळ होतो. वडिलांच्या निधनानंतर त्याच शहरातल्या घरावर चार भावंडांची नावे लागली असतील आणि अर्जदार त्यांतला एक असेल, तर त्याचे नाव मालक म्हणूनच नोंदलेले आहे. "ती खोली भाऊच वापरतो" हे उत्तर छाननीत टिकत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून नाव कमी करायचे असेल, तर ते अर्जाच्या आधी करावे आणि केवळ सोडतीच्या तिकिटासाठी हिस्सा सोडण्यात शहाणपण आहे का, याचा विचार त्याच्याही आधी करावा. अर्जासोबत शपथेवर माहिती द्यावी लागते आणि ती खोटी निघाल्यास वितरण रद्द होते.

१०. वडिलांचे घर याच शहरात आहे, पण ते त्यांच्या नावावर आहे. मी लग्नानंतर भाड्याने वेगळा राहतो. मी चालेन का?

आपण सज्ञान असल्यामुळे वडिलांची मालकी आपल्या पात्रतेच्या आड येत नाही. वेगळे राहण्याचीही गरज नाही. वडिलांच्या घरातच राहणाऱ्या सज्ञान मुलालाही अर्ज करता येतो. वडील हयात नसल्यास प्रश्न ९ चा शेवटचा परिच्छेद वाचावा.

११. आम्ही पागडीच्या खोलीत राहतो. आम्ही मालक की भाडेकरू?

भाडेकरू. पागडी, म्हणजे खोली घेताना दिलेली एकरकमी रक्कम, कितीही मोठी असली, तरी पागडीदाराकडे भाडेकरूचा हक्क असतो आणि इमारतीची मालकी घरमालकाकडेच राहते. प्रश्न ९ मधील अटीत मालकी, भाडेखरेदी आणि संस्थेचे सभासदत्व हे तीन शब्द आहेत आणि पागडी त्यांत येत नाही. मात्र इमारतीचा पुनर्विकास होऊन नवी सदनिका मालकी तत्त्वावर आपल्या नावे झाली, की स्थिती उलटते. पुनर्विकासाचा करार होऊन सध्या बिल्डरने दिलेल्या भाड्यावर बाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी मंडळाकडून लेखी उत्तर घेऊनच पैसे भरावेत.

१२. मालक घर खाली करायला सांगतो आहे आणि आम्ही पाच जण एका खोलीत राहतो. आम्हाला प्राधान्य मिळेल का?

मिळणार नाही. गरजेनुसार गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत या सोडतीत नाही. भाडे परवडत नाही, जागा अपुरी आहे, घरात आजारी माणूस आहे किंवा दहा वर्षे अर्ज करूनही नंबर लागलेला नाही, यांपैकी कशालाही वजन नाही. संगणक पात्र अर्जांतून क्रमांक काढतो आणि मागच्या अपयशांची नोंद त्याच्याकडे नसते. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के, तसेच दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलावंत अशा प्रवर्गांसाठी राखीव घरे असतात, पण त्या त्या प्रवर्गातही पुन्हा सोडतच निघते. घर पाच जणांना पुरते की नाही, हे या व्यवस्थेला विचारताच येत नाही, ही तिची मोठी उणीव आहे असे आम्हाला वाटते.

१३. नंबर लागण्याची शक्यता किती असते? तोवर भाड्याने राहून वाट पाहावी का?

मुंबई मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ मधील सोडतीत २,०३० घरे होती आणि अनामत भरलेले अर्ज एक लाख तेरा हजारांहून अधिक होते. म्हणजे एका घरामागे सरासरी सुमारे ५६ अर्ज आले. ही सरासरी फसवी असते, कारण मोक्याच्या जागच्या स्वस्त घरावर शेकडो अर्ज पडतात आणि दूरच्या किंवा महागड्या घरांना पुरेसे अर्ज मिळत नाहीत.

दुसरी अनिश्चितता सोडतीच्या वेळेची आहे. मुंबई मंडळाची २०१९ नंतरची सोडत थेट ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली. त्या चार वर्षांत "पुढच्या सोडतीत बघू" म्हणून थांबलेल्यांचे भाडे वाढत गेले आणि बाजारातले घर आणखी दूर गेले. म्हणून अर्ज अवश्य करावा, पण मुलांची शाळा, भाड्याचे घर बदलणे किंवा बाजारातून घर घेणे हे निर्णय सोडतीच्या भरवशावर लांबवू नयेत.

१४. घर लागले तर पैसे कसे आणि किती दिवसांत भरायचे? भाडे आणि हप्ता दोन्ही झेपतील का?

घर लागल्यावर आधी ते स्वीकारत असल्याचे ऑनलाइन कळवावे लागते. त्यानंतर देकारपत्र, म्हणजे घराची किंमत व ती भरण्याच्या मुदती कळवणारे मंडळाचे पत्र, येते. नेहमीच्या पद्धतीत किमतीच्या २५ टक्के रक्कम पहिल्या टप्प्यात आणि ७५ टक्के दुसऱ्या टप्प्यात भरायची असते. प्रत्येक टप्प्याची मुदत देकारपत्रावर छापलेली असते आणि ती महिना-दोन महिन्यांच्या हिशेबातली असते, वर्षांच्या नव्हे. गृहकर्जासाठी लागणारे ना हरकत पत्र मंडळ देते, पण पहिली २५ टक्के रक्कम बहुतेकांना स्वतःच्या बळावर उभी करावी लागते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आहे. पहिल्या टप्प्यात १० लाख हवेत. उरलेल्या ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले, तर २ लाख ४० हजार आणि वर नोंदणी शुल्क ३० हजार रुपये होते. घर केवळ स्त्रीच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते आणि या उदाहरणात ४० हजार रुपये वाचतात. आता यात आजचे १८ हजारांचे भाडे मिळवा. कर्जाची पूर्ण रक्कम उचलल्यापासून ताबा मिळेपर्यंत दरमहा ४४ हजार रुपये जातील. तयार घर असेल, तर हा काळ दोन-तीन महिन्यांत संपतो. बांधकाम चालू असलेले घर असेल, तर तो लांबत जातो. अर्ज करतानाच ते घर तयार आहे की बांधकामाधीन, हे पाहणे भाडेकरूसाठी ठिकाण पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

घरमालकाकडचे डिपॉझिट या २५ टक्क्यांत धरू नये. खोलीची किल्ली परत दिल्याशिवाय ते मिळत नाही आणि नव्या घराची किल्ली पूर्ण पैसे भरल्याशिवाय मिळत नाही.

१५. सोडत लागली. मालकाला नोटीस कधी द्यावी?

ताबापत्र हातात पडल्यावर. सोडतीच्या दिवशी आनंदाच्या भरात नोटीस देऊन नंतर नातेवाइकांकडे सामान ठेवावे लागलेली कुटुंबे आहेत. ताब्याची तारीख बांधकाम, भोगवटा प्रमाणपत्र, पाणीजोडणी अशा अनेक गोष्टींवर लांबते.

दुसऱ्या बाजूने आपला करार मध्येच संपत असेल, तर नुसते तोंडी "दोन महिने थांबू द्या" यावर राहू नये. मुदत संपूनही लायसन्सवर घेतलेली जागा न सोडल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट शुल्क द्यावे लागू शकते. करार वाढवताना एक महिन्याच्या नोटिशीवर जागा सोडता येईल, असे कलम घालून घ्यावे आणि लॉक-इनची, म्हणजे जिच्या आत जागा सोडता येत नाही ती, मुदत शक्य तितकी कमी ठेवावी. सोडतीत अर्ज केलेला आहे, हे मालकाला सांगणे बंधनकारक नाही. मात्र संबंध चांगले असतील, तर सांगून टाकलेले बरे.

१६. पगारात घरभाडे भत्ता मिळतो आणि मी भाड्याच्या पावत्या देतो. घर लागल्यावर ही करसवलत बंद होते का?

प्रत्यक्ष भाड्याच्या घरात राहून भाडे भरत असेपर्यंत जुन्या करप्रणालीत ही सवलत चालू राहते. नव्या घराची रक्कम भरली, एवढ्या कारणाने ती थांबत नाही. नव्या घरात राहायला गेल्यावर ती संपते. नव्या करप्रणालीत ही सवलत मुळातच नाही. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास मालकाचा पॅन द्यावा लागतो आणि करार न नोंदवणारा मालक बहुधा पॅनही देत नाही (प्रश्न ६).

१७. सोडतीत खासगी बिल्डरच्या इमारतींतली घरेही दिसतात. ती म्हाडाची आहेत का?

मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करणाऱ्या विकासकाला २० टक्के घरे अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि त्यांचे लाभार्थी म्हाडा सोडतीने निवडते. पात्रता म्हाडाच तपासते, पण करार आणि ताबा यांचा व्यवहार विकासकाशी होतो. किंमत आजूबाजूच्या बाजारभावापेक्षा बरीच कमी असल्यामुळे या घरांवर उड्या पडतात. अर्ज करण्याआधी महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख पाहावी आणि देखभाल खर्च, वाहनतळ यांचे आकार विचारून घ्यावेत. भाड्यावरचे आणखी किती महिने काढायचे, याचा अंदाज त्या तारखेवरून येतो.

१८. सोडतीशिवाय म्हाडाचे घर मिळते का?

कधी कधी मिळते. वारंवार सोडत काढूनही न विकली गेलेली घरे 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वावर दिली जातात. कोकण मंडळाने विरार-बोळींजमधील घरे अशा प्रकारे विक्रीला काढली. या योजनेत अटी पुष्कळ शिथिल असतात. ती घरे का पडून राहिली, हे समजून घेण्यासाठी गर्दीच्या वेळी लोकलने एकदा तेथपर्यंत जाऊन परत यावे आणि मगच पैसे भरावेत.

१९. विकत घेणे झेपत नाही. म्हाडाकडून भाड्याने घर मिळते का? एक जण संक्रमण शिबिरात खोली देतो म्हणतो.

सोडतीतील घरे मालकी तत्त्वावर विकली जातात. सर्वसामान्य भाडेकरूने अर्ज करावा आणि भाड्याचे सरकारी घर मिळावे, अशी नियमित योजना म्हाडाकडे नाही. संक्रमण शिबिरे ही शहरातील मोडकळीस आलेल्या जुन्या इमारतींतून हलवलेल्या रहिवाशांसाठी आहेत. तेथील खोली कोणालाही परस्पर भाड्याने किंवा विकत देता येत नाही आणि पैसे देऊन शिरलेला माणूस घुसखोर ठरतो. त्याला बाहेर काढले गेल्यास पैसे परत मागण्याची सोयही राहत नाही. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. कोट्यातून, ओळखीने किंवा "साहेबांच्या सहीने" घर देणाऱ्याकडे पावती मागावी. पावती मिळणार नाही आणि प्रश्न तेथेच मिटेल.

२०. घर लागले, पण ते नोकरीपासून लांब आहे. ते भाड्याने देऊन मी इथेच भाड्याने राहिलो, तर चालेल का?

पहिली पाच वर्षे हे घर विकता येत नाही. पाच वर्षांनंतरही मंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. भाड्याने देण्यासाठी मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पंतप्रधान आवास योजनेतील घरांच्या अटी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. परवानगीशिवाय भाडेकरू ठेवल्यास कारवाई होऊ शकते. परवानगी मिळाली, तर आपण एकाच वेळी एका घरात भाडेकरू आणि दुसऱ्या घराचे मालक होता. तेव्हा त्या दुसऱ्या घराचा करार नोंदवण्याची जबाबदारी आपली असेल. प्रश्न ६ चे उत्तर मालकाच्या खुर्चीत बसून पुन्हा वाचावे.